उकंडा गवंड्याचा ओटा

रस्त्यावर टाकून दिलेली वस्तू ओलांडून पुढे गेलेला उकंडा गवंडी मी कधी पाहिला नाही. तो वाकायचा, ती उचलून हुंगायचा आणि जिभेच्या टोकाला लावायचा. मी पूजाअर्चा करणारा भटजी; मला ते ओंगळ वाटे. तसे म्हटले की तो म्हणे, "मीच उकंड्यावरचा, महाराज. मले कायची शिसारी जी?"

ते खरेच होते. त्याच्या आधीची भावंडे जगली नव्हती. म्हणून त्याच्या आईने, पार्वतीबाईने, जन्मताच त्याला उकिरड्यावर ठेवले. शेजारणीने सुपात घालून परत आणून दिले, आणि नाव पडले उकंडा. हे मूल जगले तर मोठेपणी स्वहस्ते देवीचा ओटा बांधील, असा नवस तिने तेव्हाच बोलला होता.

वऱ्हाड त्या काळी मध्यप्रांताला जोडलेले होते आणि अकोटात कापसाच्या जिनांची धुराडी दिवसभर धूर ओकीत. माळीपुऱ्यातला देवीचा ओटा काळ्या जमिनीवर होता. ही जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते. ओटा दरसाल दुभंगे. अखेर मूर्ती माझ्या देवघरात आणावी लागली. पार्वतीबाईची दृष्टी मंदावत चालली होती. देवी ओट्यावर बसलेली पाहावी, एवढीच तिची इच्छा उरली होती.

उकंडाने पाया खणला आणि जिनामागे फेकलेली दगडी कोळशाची राख पाट्या भरभरून आणली. ती चाळून चुन्याबरोबर बैलाच्या घाण्यात मळली, काळ्या मातीत मिसळली आणि धुमसाने ठोकून पायात बसवली. त्यावर ओटा चढू लागला.

"हे धरेल कशाने?" मी विचारले.

"कायनं धरते ते मले बी नाई समजत. जिनात राखीवर चुना सांडला होता, पानी पडलं, तं पाहारीनं बी निंघेना. तेवढंच पाह्यलं."

राखेची एक पाटी ओट्याशी ठेवलेली असे. येणाऱ्या बायका तिला अंगारा समजून कपाळी लावू लागल्या. एके सकाळी, कोणी अंगाराच ठेवला असेल असे समजून, मीही लावली. उकंडा शेजारीच राख चाळीत होता. सांगितले का नाहीस, असे पुढे विचारल्यावर म्हणाला, "त्या हात जोडून राहिल्या होत्या. मी मधात काय बोलू?"

एके दिवशी जिनातला आगवाला तिथून जाताना राख लावणाऱ्या बाईला पाहून हसला. "बाई, हे तं आमच्या भट्टीची घान होय!" झाले, सारा माळीपुरा पेटला. देवीखाली घाण घातली, ओटा फोडा, म्हणून माळी मंडळी माझ्याकडे निर्णय मागू लागली.

होमाची रक्षा पवित्र, गोवरीची पवित्र, चितेची निराळी. हे मी शिकलो होतो. परंतु दगड जळून उरलेली राख कोणत्या कोटीतली? अमरावतीला जाऊन गुरुबंधूंना विचारले. ते उलट मलाच म्हणाले, "तुला काय वाटते?" मी गेलो त्याहून अधिक गोंधळून परतलो.

माळी मंडळींच्या बैठकीत पार्वतीबाई काठी टेकीत आली. "याले मी सोता उकंड्यावर ठेवलं होतं. सुपातून घरात घेतलं, तवा कोनं सोवळं इचारलं? मंग राखीनंच काय केलं?"

मंडळी पुन्हा माझ्याकडे वळली. चातुर्मासात प्रतिष्ठा होत नाही, एवढे मात्र मला निश्चित ठाऊक होते, तेच सांगितले. चातुर्मास संपेतोवर ओटा फोडू नये.

पाऊस भरपूर झाला. कार्तिकात ओट्यावर केसाएवढीही भेग नव्हती; मग तो फोडण्याची गोष्ट कोणी काढली नाही. मी पंचगव्य शिंपडले, मूर्ती बसवली. पार्वतीबाईने देवीचे पाय चाचपले, मग कितीतरी वेळ ओट्याच्या कडेवरून हात फिरवीत राहिली.

उकंडा माझ्या कानाशी आला. "मंग राख शुद्ध होती का नोती, महाराज?"

"मला ठाऊक नाही."

"मंग जमलं. ओटा कायनं धरला, ते मले बी नाई ठाऊक."

तो माझ्याआधी गेला. तिसऱ्या दिवशी स्मशानात अस्थी वेचून झाल्यावर त्याच्या मुलाने विचारले, "महाराज, ही राख पूर्णा नदीतच सोडाची ना?"

विधी मला पाठ होता. तरी माळीपुऱ्यातला ओटा आठवला, आणि 'हो' म्हणायला वेळ लागला.