वय विचारणारी बाई आणि आडनाव विचारणारा गाववाला

मंडळी, इंग्रजी शिकवायला हनोईत येऊन महिना झाला. आज भाड्याची खोली बघायला गेलो, तर घरमालकिणीने नावाआधी वय विचारलं. डोकंच फिरलं माझं. पण समोरच्याला दादा म्हणायचं की धाकटा भाऊ, ते इथे वयावरून ठरतं. अठ्ठेचाळीस म्हटल्यावर मी दादा झालो.

वरच्या मजल्यावर आपल्याच जिल्ह्यातल्या नांदुऱ्याचा माणूस निघाला.

"हाव का? देऊळघाटचे तुम्ही? आडनाव काय हो?"

सांगितलं. चेहरा पडला.

"तसं काही नाही सर, पण सैपाकघर एकच हाये ना. तुमाले दुसरी खोली पाहून देतो."

मी घरमालकिणीकडून त्याच खोलीची किल्ली तिथल्या तिथे घेतली.

विमानतळावर माझी लोणच्याची बरणी काढून घेतली होती. हा जात घेऊन इथवर आला, त्याची बॅग कोणीच कशी उघडली नाही?