चादरीचं दुसरं टोक

आमच्या थोरल्या जाऊबाईंचं कौतुक ऐकून माझे कान किटले आहेत. वय सदुसष्ट, पण रुग्णालयाच्या धुलाईखात्यात चादरींच्या घड्या घालताना तरुण पोरींना लाजवतात म्हणे! मी त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. चादरीचं दुसरं टोक अठरा वर्षं माझ्या हातात आहे, ते कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

घडीचं काम जोडीचं. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, चादर झटकायची, चार पावलं पुढे येऊन कोपऱ्याला कोपरा लावायचा. पावलं जुळली नाहीत तर घडी वाकडी. आमची कधी वाकडी झाली नाही, याचा मला केवढा तोरा!

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या लेकीने थकवा घालवणाऱ्या गोळ्यांची डबी आणून दिली. त्याच महिन्यात कपडे वाळवायचं नवं यंत्र आलं आणि चादरींचा ढीग दुप्पट झाला. जाऊबाई सुसाट सुटल्या. माझ्या पायांची मात्र दुपारपर्यंत लाकडं व्हायची. शेवटी मुकादम म्हणाला, "मावशी, सोमवारपासून तुम्ही बसून उशांच्या अभ्र्यांचं बघा. यांना दुसरी जोडीदारीण देतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गोळ्या खाऊन मीही पळाले असते की! पण 'मलाही द्या' म्हणायला जीभ रेटेना. गुरुवारी मी त्यांच्या पिशवीतून डबी उचलली आणि घरी पिठाच्या डब्यामागे लपवली. म्हटलं, आता येतील जमिनीवर.

कसल्या येतात! सोमवारी नव्या जोडीदारणीबरोबर त्या आणखीच भरभर चालत होत्या, आणि मी अभ्रे चुरगळत बघत होते. आठवडाभर कळ काढली. मग डबी त्यांच्यापुढे आदळली.

"मीच चोरली होती. तरी तुम्ही थकत कशा नाही?"

त्या रागावल्याही नाहीत. "अगं, मला थकवा होता कुठे? डॉक्टर म्हणाले, रक्त चांगलंय, गोळ्यांची गरज नाही. लेकीचं मन राखायला घेत होते. ढीग वाढला म्हणून पाय उचलले, एवढंच."

"मग आधी?"

"आधी तुला दम लागायचा ना. तुझ्या पावलाने चालायचे मी." मग माझं मनगट धरून म्हणाल्या, "तू रक्त तपासून घे बाई. आणि मुकादमाला सांगून मीही अभ्र्यांना बसते तुझ्याजवळ."

"काही नको!" मी खेकसले.

अठरा वर्षं, आणि चकार शब्द नाही. इतकं मोठं मन पाहून माझा जो जळफळाट झाला, तो त्या गोळ्यांनी कधी झाला नव्हता.