आत्यांचा जीव कशात अडकला

माझे अक्षर चांगले नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ मला कधी बसला नाही. चौथीनंतर शाळा सुटली, ती सुटलीच. कुणाच्या हाती ही वही लागली तर चुकले असेल तिथे समजून घ्यावे. चार माणसांत तोंड उघडायला मी लाजते, म्हणून कागदावर बोलते.

टोमॅटोचा तोडा करून आले की हातांना पाल्याचा हिरवा, उग्र वास राही. साबणाने जात नसे, जेवताना भाकरीलाही तोच वास येई. असे हात मांडीवर ठेवून रविवारी दुपारी मी आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आत्या, टीव्हीपुढे बसायचो. आमचे घर वारूळवाडीच्या कडेला. दाराला गोणपाटाचा पडदा लावला की बाहेरचे ऊन त्यातून गाळून आत येई आणि भिंतीवर मधासारखे पसरे. त्या उजेडात परक्या मुलखातली एक मालिका लागायची. माणसांचे ओठ वेगळे हलत आणि हिंदी वेगळी ऐकू येई. मिठाईच्या रंगांची घरे होती आणि छत्र्या दुरुस्त करणारा एक बुजरा माणूस होता. त्याने आपली जुनी छत्री मेलेल्या माणसावर उघडली की ते माणूस शिंकत उठून बसायचे. छत्री उघडी असेपर्यंत त्याने बोलायचे, मिटली की संपले, त्याला पुन्हा उठवता यायचे नाही. तेवढ्या वेळात छत्रीवाला विचारायचा, तुला मारले कुणी? मेलेला माणूस भलतेच काही सांगत बसे, खुनी राही बाजूला, आणि आम्ही दोघी पोट धरून हसत असू.

आत्यांना हिंदी कळत नव्हती. मी थोडे सांगायची, बाकीचे त्या माणसांच्या वागण्यावरून ओळखायच्या.

"ही बाई बघ," एकदा म्हणाल्या, "रडती लई, पर डोळं पुसत न्हाई. हिनंच मारलंय." आणि खरेच तिनेच मारलेले निघाले.

पण छत्रीवाल्यावर त्यांचा राग होता. "मुडद्याला उठवायचं आन् इचारायचं काय, तर मारलं कुणी! जेवलास का, म्हून कुणी इचारत न्हाई. मला उठवलं तर मी पयलं इचारीन, म्हस पिळली का?"

"आणि तुम्हाला काही विचारलं तर?"

"मी कायबी सांगायची न्हाई," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. ते का, हे घरात फक्त मला ठाऊक होते.

नारायणगावच्या बाजारात गोदाबाई कासारीण बांगड्यांचे दुकान मांडून बसायची. आत्या विधवा, त्यांना बांगड्या भरायच्या नव्हत्या, तरी प्रत्येक बाजारी त्या तिच्यापाशी घटकाभर बसत. एकदा मलाही नेले. गोदाबाईने हिरव्या चुड्यांच्या खोक्याखालून नोटा काढल्या, त्या मी मोजल्या. साडेतीन हजार. माझ्या नणंदेच्या, वन्संच्या नवऱ्याचे आळेफाट्याचे गॅरेज बुडाले होते. आत्यांनी ते पैसे लेकीला आपल्याजवळचे म्हणून दिले. जीपमध्ये माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "पोरांना कळाया नगं. सासरवाडीच्या पैशावर जगतो म्हून जावयाला बोलत्याल. आन् लेकीला तर मुळीच न्हाई. मी फेडीन दूध इकून."

फेडायच्या आधीच त्या गेल्या. थंडीचे दिवस होते, द्राक्षबागांवर धुके उतरलेले. दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या दिवशी दिव्याची वात आत ओढावी तशा गेल्या.

दहाव्या दिवशी मीना नदीच्या काठी पिंड ठेवला. नदीवरून वाफ निघत होती. पलीकडच्या बाभळीवर कावळे होते, एकही खाली उतरेना. आमच्याकडे कावळा शिवला नाही तर गेलेल्याची इच्छा राहिली, असे धरतात. मग एकेकाने पुढे व्हायचे, हात जोडायचे आणि ती इच्छा ओळखून वचन द्यायचे.

माझे थोरले दीर पुढे झाले. "आई, आमी भाऊ येगळं व्हनार न्हाई." कावळे हलले नाहीत. "नातीचं लगीन थाटात करू." नाही. कुणी म्हणाले, तुळशीला कट्टा बांधू म्हणा. कुणी म्हणाले, तंबाखू ठेवा राव, म्हातारीची मशेरी व्हती. तेही झाले. ऊन चढत चालले, पोरे भुकेने कुरकुरू लागली, आणि गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले.

मला त्या गर्दीत छत्रीवाला आठवला. ही सगळी मोठी माणसे तेच तर करीत होती, मेलेल्या माणसाला खोदून खोदून विचारत होती. उत्तर मला ठाऊक होते. बोलावे तर आत्यांनी जिवापाड झाकलेले उघडे पडणार. शेजारी वन्सं रडत होत्या. आईने कर्ज काढून आपल्याला दिले, हे त्यांना तिथे, त्या क्षणी, सगळ्या भावकीसमोर कळणार. न बोलावे तर आत्या तशाच अर्धवट, तहानलेल्या जाणार. आयुष्यात मला बोलायची एवढी गरज कधी पडली नव्हती.

माझे मालक शेवटी पुढे झाले. "आई, तुझी म्हस मी इकनार न्हाई."

त्याच वेळी मी पदरात तोंड घालून, माझे मला ऐकू येईल इतकेच म्हणाले, "आत्या, गोदाबाईचे मी देते."

कावळा आला. एकच आला आणि शितांत चोच घालून उडाला.

"म्हशीत जीव अडकला व्हता बग म्हातारीचा!" सगळे एकदम म्हणाले. ती म्हैस पुढे आटली, लंगडी झाली, तिने शिंगाने दोघांना लोळवले, तरी आमच्याकडे कुणी तिला विकायचे नाव काढले नाही. माझी जाऊ वैरण टाकताना तिला "या सासूबाई" म्हणायची. कावळा कुणाच्या शब्दाला आला, हे मी आजही सांगू शकत नाही. म्हशीवरही त्यांचा जीव होताच.

गोदाबाई मागायला आली नव्हती, आली नसतीही. मी तोड्याच्या मजुरीतून बाजूला काढून बाजारी तिला शंभर देऊ लागले. दिले की जीपच्या मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात आत्यांना सांगायची, एवढे गेले, एवढे राहिले. मग त्याला जोडून बाकीचेही सांगणे होई. वन्संच्या नवऱ्याला काम लागले, बाजरी बरी झाली, मालिका मध्येच बंद पडली. त्या जिवंत असताना मी त्यांच्याशी इतके बोलले नव्हते.

शेवटचे दोनशे राहिले तेव्हा मी पन्नासच दिले. पुढच्या बाजारीही पन्नास. मग एका बाजारी गेलेच नाही, आणि नंतर वीस नेले.

"हात आखडला का गं?" गोदाबाईने विचारले. "राहू दे की मग. मी काय पळून चाललीय?"

हात आखडला नव्हता. पैसे कनवटीला होते. आत्यांवरची छत्री मिटू नये म्हणून मी थांबते आहे, हे तिच्या त्या विचारण्याने मला कळले, आणि कळल्यावर फार वेळ तिथे उभे राहवेना. बाजारात कोथिंबिरीचा ओला वास सुटला होता. कनवटीची गाठ सोडून मी राहिलेले ऐंशी रुपये तिच्या हातावर ठेवले. तिने ते कपाळाला लावले आणि म्हणाली, "फिटलं."