नाकवाले काका

रंगाच्या कारखान्यातल्या सांडपाण्याच्या प्लांटवर तो एकोणीस वर्षं ऑपरेटर होता. तिथे घाण पाण्यातलं चांगलं पाणी एका पातळ पडद्यातून ओढून घ्यायला अमोनियाच्या क्षाराचं दाट द्रावण वापरत. मग ते द्रावण तापवलं की क्षाराचा वायू होऊन वर जाई आणि खाली पाणी उरे. वायू गार करून पुन्हा विरघळवला की तोच क्षार परत कामाला. हे सगळं तो बघायचा. कुठे वायू गळला तर मीटरच्या आधी त्याला वास लागायचा, म्हणून तो सगळ्यांचा नाकवाले काका.

नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत त्याला वास येईनासा झाला. करपलेली भाजी तो मुकाट्याने खायचा. बायकोला वाटलं, उतारवयात का होईना, नवरा सुधारला. त्याने कुणालाच सांगितलं नाही. निवृत्तीला थोडीच वर्षं होती, तेवढी मीटर बघून रेटू म्हणाला.

एका दुपारी क्षार धरून वायूचा पाइप तुंबला. धाकटा भाऊ तिथेच फिटर होता, तो शिडीवर चढला. ऑपरेटरने खालचा छोटा कॉक उघडून आत वायू उरला नाही याची खात्री करायची, मगच फिटरने सांधा खोलायचा, अशी पद्धत. त्याने कॉक उघडला, मीटर शून्यावर होता. तो बिघडलाय हे नंतर कळलं. डोळे जरा चुरचुरले, पण ते तर रोजचंच.

"दादा, वास आहे का?" भावाने वरून विचारलं.

"नाही. खोल."

भावाचे दोन्ही डोळे गेले. एकाला तेवढा उजेड-अंधार कळतो.

चौकशीत मॅनेजरने सुचवलं की फिटरने न विचारता सांधा खोलला, असं लिहून मोकळा हो. त्याने खरं तेच लिहिलं, दोन वर्षांपासून वास येत नाही हेही. त्याच आठवड्यात त्याला काढून टाकलं. अहवालात मीटरचं नावही आलं नाही.

दवाखान्यात त्याने भावालाही सांगितलं.

"तेव्हाच सांगितलं असतंस," भाऊ म्हणाला, "तर मी मास्क लावून चढलो असतो."

भावजय त्याला घरात घेत नाही. दर मंगळवारी ती नवऱ्याला दारापर्यंत आणून सोडते. भाऊ दादाचा दंड धरतो आणि दोघं दवाखान्याच्या बसला जातात. पायरी आली की दादा सांगतो.