गणपतींनी भरलेला वर्ग

मी मूळची निडीची. घरची भातशेती, पण आमच्या पिढीतला जो तो मास्तर, नाहीतर बँकेत. त्यामुळे मी शिक्षिका झाले याचं कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पेणजवळच्या जोहे गावाच्या अलीकडच्या एका वाडीतली शाळा मी बदलीत मागून घेतली याचं. दोन खोल्या, चार इयत्ता, मुलं नऊ. "तिथं काय करणार तू?" भावानं विचारलं. "शिकवीन, दुसरं काय?" मी म्हटलं. मला खोचक बोललेलं अजिबात खपत नाही. मी बोलते ते वेगळं.

वाडीत जवळजवळ प्रत्येक घराचा गणपतीचा कारखाना आहे. अंगणात, पडवीत, पायऱ्यांवर रंग न दिलेल्या पांढऱ्या मूर्ती असतात आणि माणसं त्यांच्या मधून अंग चोरून चालतात. शाळेचा जन्मसुद्धा कारखान्यातलाच. शाळेला इमारत नव्हती तेव्हा एका कारखानदारानं आपल्या शेडचा कोपरा दिला होता. त्या शेडमध्ये शिकलेल्या एक आजी अजून आहेत. मास्तर छडी उगारायचे, पण उगारण्याआधी त्यांना आजूबाजूला बघावं लागायचं, कारण एखादी सोंड तुटली तर भरून कोण देणार? "म्हणून आमाला मार कमी पडला गो," असं सांगून आजी खुदखुदतात.

त्या कारखानदाराचा नातू आता कारखाना चालवतो. तोही याच शाळेत शिकला आणि शाळेवर त्याचं प्रेम नुसतं उतू जातं. एका दिवाळीच्या सुट्टीत त्यानं उरल्यासुरल्या रंगांत सगळी शाळा रंगवून दिली. भिंतींना मूर्तीच्या अंगाचा गुलाबी, खिडक्यांना पितांबराचा पिवळा आणि दाराला सोनेरी किनार. तपासणीला आलेले साहेब फाटकातच थबकले. "बाई, ही शाळा आहे की मखर?" मी म्हटलं, "आत या, प्रसाद मिळेल." साहेब हसले नाहीत.

पण या नातवाची मुलगी रोज पिवळ्या व्हॅनमध्ये बसून पेणच्या इंग्लिश शाळेत जायची. मी विषय काढला की तो हात जोडायचा. "रंग मागा, पंखा मागा बाई. पोरीचं सोडून बोला." गावात सगळ्यांचं असंच. शाळेला जीव द्यायला तयार, पोर द्यायला नाही!

पट असाच राहिला तर आमची शाळा बंद करून मोठ्या शाळेत मिसळणार, असं कानावर येत होतं. गावाला त्याचं काही वाटत नव्हतं. मला वाटत होतं. माझी नऊही मुलं कातकरीवाडीवरची. आईबाप उजाडायच्या आत कामावर जातात. मोठी शाळा हायवेच्या पलीकडे, एवढ्याशा पोरांना रस्ता ओलांडून कोण सोडणार? ही मुलं शाळा बदलणार नव्हती, शाळा सोडणारच होती.

मागच्या आषाढात हा नातू शाळेत आला. शेडमध्ये पाणी शिरलं होतं आणि मूर्ती ठेवायला कोरडी जागा उरली नव्हती. त्याला आमची रिकामी दुसरी खोली हवी होती. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, "आमच्या आज्यानं शाळेला जागा दिलीवती बाई. आता शाळेनं आमाला नाय द्यायची?" मी खोलीचं दार उघडून दिलं. गावानंही होकार भरला.

त्याच्या माणसांनी मूर्ती आणून ओळीनं मांडल्या, नेमक्या फळ्याकडे तोंड करून. माझी पहिलीतली चिमुरडी दारातून बघत राहिली आणि ओरडली, "बाई, पट भरला!" सगळे हसले. मीही हसले आणि हसता हसता मला रडू फुटलं. त्यातच आजींनी सांगितलं, की शाळा बंद झाली तर दोन्ही खोल्या गोदामाला मिळतील का, अशी चौकशी हा गडी करून आला आहे. मग मात्र माझं डोकं फिरलं. आठवडाभर मी त्याच्याशी बोलले नाही.

पाऊस थांबेना. रस्त्यावर पाणी आलं, व्हॅन बंद झाली. घरात सगळे रंगकामात बुडालेले, म्हणून त्याची मुलगी मूर्तींच्या मागोमाग शाळेत येऊन बसायला लागली. मूर्ती तिची मुलं आणि ती त्यांची टीचर. पहिले दोन दिवस ती हातात पट्टी घेऊन एकच वाक्य बोलत होती, "फिंगर ऑन युवर लिप्स!" तिला शाळेतलं तेवढंच ठाऊक होतं की काय, कोण जाणे.

माझी चिमुरडी शेवटी तिला म्हणाली, "अगो, त्यांना कशाला गप करतेस? ते कुठं बोलतात?" ती जरा विचारात पडली. मग दोघींनी मूर्ती उंचीप्रमाणे लावायला घेतल्या. बाकीची मुलं आली, भांडणं झाली, कोणाची सोंड उजवीकडे आणि कोणाची डावीकडे याची मोजणी झाली. मीही माझी गणितं उचलून त्याच खोलीत नेली. चार दिवसांत त्या पोरीचा आवाज माझ्या आवाजाच्या वर चढला.

एका दुपारी तिचा बाप मूर्ती न्यायला आला. टेम्पो फाटकात उभा, गिऱ्हाईक हॉर्न वाजवतंय. दारात पाऊल टाकतो तो पोरीनं पट्टी दाखवली. "पप्पा, थांबा. आमचा वर्ग चाललाय." तो थांबला. पोरगी मुलांना काहीतरी विचारत होती, मुलं तिला उलट विचारत होती, आणि तो खिडकीशी उभा राहून ऐकत होता. जाताना मला एवढंच म्हणाला, "घरी शाळेचं कधी कायच बोलत नाय हो ही."

चतुर्थीच्या आत खोली रिकामी झाली. सुट्टी संपवून मी आले, तर त्या खोलीला नवंकोरं कुलूप! माझ्या अंगाची लाही लाही झाली. झालं गोदाम, आता याला सोडत नाही, म्हणून मी तरातरा निघाले, तर तो समोरूनच येत होता. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात पोरगी.

"कुलूप कोणाला विचारून लावलं?" मी कडाडले.

"लादी धुतलीय ना बाई. कुत्री शिरत होती." त्यानं दार उघडलं. भिंती पुसलेल्या, फळा काळाभोर रंगवलेला. तो खाली बघून म्हणाला, "मूर्ती गेल्या सगळ्या. आता हिला बसवा इथं. पुढल्या सालात माझ्या भावाचापण येईल."

एका नावानं शाळा वाचत नाही हे मला कळतं. पण सुरुवात एका नावानंच होते, हेही कळतं. मला भरून आलं, आणि चिडलेलं तोंड एकदम कसं बदलायचं ते सुचेना.

पोरगी आत गेली. धुतलेल्या रिकाम्या लादीकडे बघून तिचा चेहरा पडला. "माझी मुलं कुठं गेली?"

शेजारच्या खोलीतून नऊ जणं धावत आली आणि मूर्ती बसायच्या तिथं ओळीनं बसली. "आमी हाव ना," चिमुरडी म्हणाली.

पोरीनं पट्टी खाली ठेवली. "मग बोला," ती म्हणाली.