पाण्यात ठेवायची गाळणी

बायको गेल्यावर पाणी गाळायचं काम माझ्याकडे आलं. ती जुन्या लुगड्याची दुहेरी घडी हंड्याच्या तोंडाला बांधायची आणि पाणी भरून झालं की फडकं धुऊन कडक उन्हात टाकायची. ओलं राहिलेलं फडकं तिला खपायचं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. एवढं केलं की पाणी चोख झालं, असंच समजत होतो.

मग लेकीला दिवस राहिले, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. पण तिची सासू चाळीसगावची, तोंडावर बोलणारी. म्हणाली, "तुमच्या गावचं पाणी पोटुशीला नको." राग आला, पण बाई खोटं बोलत नव्हती. आमच्या विहिरीजवळून नाला वाहतो. त्यात गटारं येतात, तबेल्यांचं मूत येतं. जळगावच्या कॉलेजची माणसं पाणी तपासून सांगून गेली होती, त्यात हार्मोन आहे.

माझी बायको गाठीच्या दुखण्याने गेली. पाण्यामुळे गेली असं डॉक्टर म्हणाला नाही, मीही म्हणत नाही. पण हंड्याकडे बघितलं की मनात यायचंच.

हार्मोन म्हणजे काय ते कॉलेजच्या एका पोरीने सांगितलं. अंगात निरोप पोचवणारी चीज, नखाएवढी असली तरी अंग तिचं ऐकतं. फडक्यात ती अडकत नाही. म्हणून त्यांनी गावच्या टाकीपाशी यंत्र बसवलं. आत पडद्याची गुंडाळी, तिला मेम्ब्रेन म्हणतात. भोकं इतकी बारीक की दाबाने पाणी पार जातं आणि ती घाण अलीकडेच राहते. अडलेलं पुन्हा नाल्यातच जाणार ना, असं मी विचारलं. ते वेगळ्या टाकीत साठवून कॉलेजवाले घेऊन जाणार होते. घर जवळ म्हणून किल्ली माझ्याकडे दिली.

आतली गुंडाळी तुंबत आली, तेव्हा पोरीने नवी आणून माझ्या ओसरीवर बादलीत भिजत ठेवली. बसवेपर्यंत सुकू द्यायची नाही, एवढंच सांगून गेली. मी बाजाराला गेलो. माझी थोरली बहीण, अक्का, बायकोच्या मागे माझ्याकडेच राहते. तिने ती गाळणी बघितली, घासून धुतली आणि पत्र्यावर उन्हात टाकली.

पोरगी आली आणि कपाळाला हात लावून बसली. सुकली की भोकं मिटतात, पाणी जात नाही. जुनी तुंबलेली, दुसरी यायला वेळ, तोवर तपासणी नाही. आणि तपासणीशिवाय विहीणबाई सून पाठवणार नव्हती. सातवा लागला होता.

अक्का उलट पोरीलाच म्हणाली, "ओला कपडा वास मारस, पोरी. इतलं बी कयत नही तुले?"

पोरगी हसली. मला हसू आलं नाही, पण अक्काला बोललोही नाही. तिने माझ्या बायकोचंच काम केलं होतं.

दुसरी गुंडाळी आली. तिची राखण अक्काने केली. बादलीजवळ कोंबडीसुद्धा फिरकू दिली नाही. पाणी तपासायला गेलं. पोरीचा फोन आला, त्यांच्या तपासणीच्या यंत्राला सापडेल इतकंही हार्मोन आता त्यात उरलं नव्हतं.

विहीणबाई स्वतःच लेकीला घेऊन आली. लेक दारात उभी, आणि ही आधी तांब्याभर पाणी मागते. मी टाकीवरून भरून आणलं. अर्धा तांब्या प्यायली.

"चव नाही याला."

"चवीचं जे होतं तेच काढलंय," मी म्हटलं.

तिने उरलेलं पाणी सुनेला दिलं, आणि लेक पिऊन होईपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग बॅग अक्काच्या हातात दिली. म्हणाली, "पोरीला दुपारी झोपू द्या. ऐकत नाही ती."