मागच्या डाव्या दाराची मोटर

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसतो. माफ करा... पण माझा धंदाच तसा आहे. पंचवीसेक वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय. दिवा आपोआप लागला, हॉर्न आपोआप वाजला, हात न लावता वायपर फिरला – अशा गाड्या माझ्याकडे येतच असतात, आणि दर वेळी भुताच्या जागी मला उंदराने कुरतडलेली वायर सापडते. मामला साफ आहे. करंट असेल तर वस्तू चालेल, नसेल तर चालणार नाही. मी आजही हेच मानतो, म्हणूनच ही गोष्ट इतकी वर्षं कोणाला पुरती सांगितली नाही. फक्त बायकोला माहीत होती. तीच म्हणाली, लिहून टाका एकदा.

परतूरला स्टेशनकडून बाजाराकडे येताना डाव्या हाताला माझं दुकान. म्हणजे पत्र्याचं शेड आणि पुढे लिंबाची सावली. गोष्ट २००४च्या जानेवारीतली. पण आधी हमीद वस्तादांबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

हमीद वस्ताद मूळचे आष्टीचे. त्यांचं दुकान परतूरच्या बाजारात होतं, आणि मला जे काही येतं ते सगळं त्यांनी शिकवलं. माणूस फार शिस्तीचा. हत्यार द्यायचं तर दांडी समोरच्याकडे करून द्यायचं, टोक आपल्याकडे. नाराज असले की मात्र हातात द्यायचे नाहीत, गोणपाटावर टाकायचे आणि म्हणायचे, "उचल." दुसरा नियम गाडीच्या दाराचा. दाराच्या पत्र्याच्या आत काम केलं की वरून पॅड बसवायचं असतं, आणि एकदा पॅड बसलं की आत काय राहिलं ते कोणाला दिसत नाही. म्हणून पॅड लावण्याआधी वस्ताद जिथे असतील तिथून पत्र्यावर ठोकायचे. टक-टक... टक. दोन, थोडं थांबून एक. आणि विचारायचे, "सब आ गए?" म्हणजे सगळी हत्यारं बाहेर आली का. काम करणाऱ्याने गोणपाटावरची हत्यारं मोजायची, तसंच ठोकायचं आणि म्हणायचं, "सब आ गए, वस्ताद." मग पॅड.

१९९७ साली मी स्वतःचं दुकान टाकायचं ठरवलं. वस्तादांना वाईट वाटलं असणार. मी निघायच्या दोन दिवस आधी त्यांचा पेचकस हरवला. स्क्रू ड्रायव्हरला आमच्याकडे पेचकस म्हणतात. हा बारीक होता, पिवळ्या लाकडी दांडीचा, त्यांच्या हैदराबादच्या वस्तादांनी दिलेला. दांडी हाताने घासून घासून सुपारीसारखी गुळगुळीत झाली होती. सगळं दुकान पालथं घातलं, नाही सापडला. मी निघालो त्या दिवशी चार गिऱ्हाइकांसमोर वस्ताद मला म्हणाले, "दत्ता, दुकान टाक. खुशीनं टाक. पण माझी निशानी कशाला नेली?"

मी चोर! अंगाचा नुसता तिळपापड झाला. मीही वाटेल ते बोललो, आणि सात वर्षं त्यांची पायरी चढलो नाही. एकाच गावात होतो, समोरून आले की मी रस्ता बदलायचो. २००३च्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. घरच्यांनी त्यांना आष्टीला नेलं. बायको रोज म्हणायची, जाऊन या. मी म्हणायचो, चोराचं तोंड बघून ते काय बरे होणार आहेत? तोंडाने असं म्हणायचो, पण रात्री झोप यायची नाही. त्यांनी डोळे मिटायच्या आत एकदा तरी त्यांच्या मनातून 'चोर' हा शब्द जावा, एवढंच मला पाहिजे होतं. आणि आता ते बोलूही शकत नव्हते.

तर त्या जानेवारीत एका दुपारी भाऊसाहेब आले. आष्टीचे, कापसाचा व्यवहार करणारे. त्यांनी नुकतीच एक जुनी पांढरी गाडी घेतली होती. गाडीला सेंट्रल लॉक होतं, पण कंपनीचं नव्हे, मागाहून बसवलेलं. ड्रायव्हरने दार लॉक केलं की प्रत्येक दारातली छोटी मोटर फिरते, तिची दांडी आत ओढली जाते आणि काचेजवळची खुंटी खाली जाते. तीन खुंट्या जात होत्या. मागच्या डाव्या दाराची जात नव्हती.

"उद्या राजूरला गणपतीला चाल्लोय," भाऊसाहेब म्हणाले, "सून अन् नातू तिकडंच बसतेत. पोरगं सारखं कडीशी खेळतंय. जल्दी करून दे."

"बसा. चहा पेईपर्यंत खोलतो," मी म्हणालो.

कापसाचे दिवस होते. बाजाराकडे जाणाऱ्या गाड्यांतून पुंजके उडत होते आणि ऊन इतकं मऊ होतं की ते पुंजके खाली पडायचे विसरल्यासारखे हवेतच थांबले होते. दुपारची अजान नुकतीच होऊन गेली होती. कुठेतरी रेडिओ चालू होता, पण गाणं कळत नव्हतं, नुसता सूर येत होता. जेवण अंगावर आलेलं... मी गुंगीत होतो, हे कबूल करतो. पण झोपलो नव्हतो.

बॅटरीची वायर आधी काढून ठेवली, ती माझी सवयच. दाराचं पॅड काढलं. आतल्या वायरींवर टेप अशी गुंडाळली होती की शेवटचं टोक वर दुमडलेलं. असं फक्त वस्तादांच्या दुकानात करायचे. मी भाऊसाहेबांना विचारलं, "गाडी पयल्यापासून पांढरीच का?"

"न्हाई रे. हिरवी व्हती म्हणे. रंग मागून दिला."

हिरवी गाडी मला आठवत होती. हे सेंट्रल लॉक आम्हीच बसवलं होतं... हेच दार मी बंद केलं होतं. बाकी काही त्या क्षणी आठवलं नाही. दोन स्क्रू काढून मोटर बाहेर घेतली, वेगळ्या बॅटरीवर लावून बघितली. हूं नाही की चूं नाही. जळाल्याचा वास येत होता. मी ती गोणपाटावर ठेवली आणि हात पुसत उभा राहिलो.

टक-टक... टक.

मी खाली बघितलं. मोटरीची दांडी आत गेली, बाहेर आली. पुन्हा आत गेली. थांबली. आणि एकदा.

तिच्या दोन्ही वायरी मोकळ्या होत्या. गोणपाटावर दोन टोकं वेगवेगळ्या दिशेला पडलेली मला स्वच्छ दिसत होती.

"झाली का चालू?" भाऊसाहेबांनी बाकड्यावरून विचारलं.

"न्हाई."

"मंग हे वाजून काय राह्यलं?"

मी मोटर उचलून तळहातावर धरली. भीती वाटली नाही, याचंच मला आज नवल वाटतं. पुन्हा तेच... दोन, थोडं थांबून एक. दांडी माझ्या तळव्याला हलकेच टोचत होती. आणि सात वर्षांत जो आवाज मी कानात येऊ दिला नव्हता तो आला. सब आ गए?

माझा हात सवयीने दाराच्या पत्र्याकडे गेला. मी ठोकलं. दोन आणि एक. त्या धक्क्याने दाराच्या तळाशी काहीतरी खणकन सरकलं.

कोपरापर्यंत हात आत घातला, पत्र्याने कातडं सोललं, तरी घातला. बोटांना आधी धूळ लागली आणि मग एक गुळगुळीत लाकडी दांडी... बाहेर काढायच्या आधीच मला कळलं होतं. पेचकसाचं टोक काळं पडलं होतं. ते मोटरीच्या वायरींवर घासत राहिलं असणार, त्यानेच मोटर जळाली. बिघाडाचं कारण सापडलं होतं, अगदी चोख.

आणि तो दिवसही आठवला. वस्ताद त्यांच्या दुकानामागे हात धूत होते. त्यांनी तिकडूनच ठोकून विचारलं होतं. माझ्या दुकानाची पाटी रंगवून तयार होती, ती आणायची मला घाई होती. मी गोणपाटाकडे बघितलंसुद्धा नाही. ठोकलं, म्हणालो "सब आ गए, वस्ताद," आणि पॅड लावलं. मी चोर नव्हतो. पण मी खोटं बोललो होतो, आणि सात वर्षं त्यांच्यावरच रागावून बसलो होतो.

दुसरी मोटर बसवली. या वेळी हत्यारं दोनदा मोजली. भाऊसाहेबांना म्हणालो, "मला तुमच्यासंगं आष्टीला घ्या." त्यांनी मागचं दार उघडून दिलं. मी मागे त्याच दाराशी बसलो. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसं भरलेली. गाडी चालतेय की शेतंच मागे चाललीत, मला समजत नव्हतं. एका हातात पेचकस होता, दुसऱ्यात जळकी मोटर. ती वाटेत दोनदा हलली. मग मी तिच्यावर नुसता हात ठेवला, लहान मुलाला थोपटतात तसा.

आष्टीला घराच्या दारात चाची भेटल्या, वस्तादांची बायको. मला बघून त्यांचे डोळे भरले, पण पहिलं वाक्य चिडूनच आलं.

"अब याद आई क्या रे तेरेकू?" मग लगेच आवाज खाली आणून म्हणाल्या, "दोपार की नमाज हुई तब से पलंग कू ठोकरे. पानी दिया, नक्को. करवट बदलाई, नक्को. क्या होना, कुछ समझताच नईं."

मी आत गेलो. वस्ताद लोखंडी पलंगावर होते, इतके बारीक झालेले की उशी मोठी वाटत होती. नजर छताकडे. डाव्या हाताचं बोट दुमडून पलंगाच्या पट्टीवर ठोकत होते. टक-टक... टक.

मी पलंगाशेजारी खाली बसलो.

"वस्ताद, दत्ता आलाय. त्या दिवशी म्या मोजलं नव्हतं. न मोजताच बोल्लो. तो दारातच ऱ्हायला व्हता."

ते माझ्याकडे बघेनात. पुन्हा ठोकलं.

मी पेचकस त्यांच्या डाव्या हातात ठेवला. पट्टीवर ठोकलं, दोन आणि एक. "आज मोजून आलोय. सब आ गए, वस्ताद."

बोटं थांबली. ती दांडीवरून फिरू लागली, हळूहळू, आंधळा माणूस चेहरा ओळखतो तशी. मला वाटलं, आता ते पूर्वी हत्यार गोणपाटावर टाकायचे तसा पेचकस खाली टाकणार, आणि ते मला मंजूर होतं. पण त्या एका हाताने वस्ताद पेचकस फिरवायला लागले. दोनदा निसटला. चाची मदतीला पुढे झाल्या तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. शेवटी टोक स्वतःच्या तळव्यात घेऊन, दांडी माझ्याकडे करून, त्यांनी तो पुढे धरला.

मी तिथेच रडलो, लाज न धरता.

त्यानंतर वस्ताद पावसाळ्यापर्यंत होते. मी दर शुक्रवारी जायचो. चाची सांगायच्या, त्या दिवसापासून त्यांनी पलंग पुन्हा ठोकला नाही.

मोटर मी नंतर खोलून बघितली. आतली तार वितळून गोळा झाली होती, हाताने फिरवली तरी फिरेना. जालन्याच्या एका इंजिनियरला दाखवली, तर म्हणाला साठलेला करंट असेल. मी म्हणालो, साहेब, इतका वेळ? बरं, तोच ताल? त्याने मोटर परत माझ्या हातात दिली. भाऊसाहेबांना आवाज आठवतो, पण ते म्हणतात, तूच काहीतरी केलं असशील. मला स्वतःला आजवर कसलाही उलगडा झालेला नाही.

पेचकस रोज वापरात आहे. मोटर गल्ल्याशेजारच्या खणात पडून आहे, पुन्हा कधी वाजली नाही. कधीतरी कापसाच्या दिवसात, दुपारी, शेडमध्ये कोणी नसलं की मी तो खण उघडतो, पत्र्यावर दोन आणि एक ठोकतो आणि थोडा वेळ थांबतो.